दोघांनीही 'चुकलं' म्हणा

२००४ सालच्या मार्चमधला एक साधा सोमवार. युसूफ वडगावच्या बाजारपेठेत गुरुपाद अप्पांचं कापडदुकान, आणि दुकानामागेच घर. त्यांची लेक शिवकन्या चहात भाकरी बुडवून खात होती आणि आई शिवकांता तिच्या मागे लागली होती.

"सव्वीस वर्सांची झालीस. पावणे इचारत्यात, पोरगी काय करती? काय सांगू? कॉम्प्युटरवर लोकांची पत्रं वाचती म्हनून?"

"तसंच सांग की. खोटं कुटं हाय?"

खोटं नव्हतंच. गावातल्या संगणक वर्गात ती शिकवायची आणि उरलेल्या वेळात इंटरनेटवरची एकशे नव्वद जणांची एक मंडळी सांभाळायची. जगात कुणीही फुकट घ्यावा, उघडून दुरुस्त करावा, असा लेखनाचा एक प्रोग्राम ही माणसं मिळून मराठीत आणत होती. एकानं पत्र टाकलं की सगळ्यांना पोचायचं. कुणाचं पत्र अडवायचं, कुणाला बाहेर काढायचं, हे ठरवण्याचं काम शिवकन्येकडे. ते तिच्याकडे आलं, कारण दुसरं कुणी घ्यायला तयार नव्हतं.

मंडळीत सगळ्यांत जास्त राबणारा माणूस म्हणजे नेकनूरचा बिभीषण. एस.टी.नं बीडला जाऊन, कॅफेत बसून त्यानं चौदाशे वाक्यं मराठीत केली होती. तो आडनाव लिहीत नसे.

त्या दिवशी वर्गात जाऊन तिनं पत्रं उघडली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. तलवाड्याच्या अर्जुनरावांचा मुलगा रविराज पुण्यात शिकत होता, तोही या मंडळीत होता. इंग्रजी 'सेव्ह'साठी बिभीषणानं 'संरक्षित करा' ऐवजी साधं 'ठेवा' सुचवलं, एवढंच निमित्त. रविराजनं सर्वांना लिहिलं होतं, "आडनाव कावून लपवतो बे? भाषेवरून कळलंच म्हना. वस्तीवरची मराठी आमच्या कॉम्प्युटरात नगं." पुढं जात काढून जे लिहिलं होतं ते सभ्य घरांत वाचल्या जाणाऱ्या या पानावर छापता येत नाही. लिहिलं गेलं होतं मात्र सभ्य घरातूनच.

बिभीषणाचं उत्तर दोन ओळींचं. "शब्दावर बोला, जातीवर न्हाई. ताई, या मानसाला आवरा."

संध्याकाळी जेवताना तिनं वडिलांना विचारलं. आसपासच्या गावांतली भांडणं मिटवावीत तर गुरुपाद अप्पांनीच, असा त्यांचा लौकिक.

"त्यात काय लई मोठं हाय? दोघांलाबी 'चुकलं' म्हनाया लावायचं, चा पाजायचा. इषय खतम."

ही मिटवणी शिवकन्येनं लहानपणापासून पाहिली होती. शिवी देणारा दुकानाच्या गादीवर बसायचा, शिवी खाणारा पायरीवर उभा राहायचा. पायरीवरच्यानं मोठ्यानं 'चुकलं' म्हणायचं, गादीवरच्यानं मान हलवायची. आणि याला आपण समजूतदारपणा म्हणतो! पाहून पाहून तिची नजर मेली होती. शिवाय संगणक वर्ग अर्जुनरावांच्या संस्थेचा, हेही तिच्या मनात नव्हतं असं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं मंडळीला कळवलं: वाद वाढवू नये, दोघांनीही 'चुकलं' म्हणावं, नाहीतर दोघांचीही पत्रं बंद होतील.

दुपारी बिभीषणाचं पत्र आलं. "माझं चुकलं."

रविराजनं लिहिलं, "ठीक आहे."

मग अभिनंदनाची रीघ लागली. "छान मिटलं!" "ताई, तुमचा संयम वाखाणण्याजोगा!" शिवकन्या सुखावली, हेही लपवण्यात अर्थ नाही. तेवढ्यात बिभीषणाचं दुसरं पत्र आलं, फक्त तिच्या नावे. "ताई, प्रोग्रामात काम करनारांची नावं देनार हायत, त्यातून माझं काढा. शब्द ऱ्हाऊ द्या, ते चांगले हायत."

तिनं ते दोनदा वाचलं. शब्द चालतील, माणूस नको, हेच तर त्याला तिनं सांगितलं होतं! संयमाचं कौतुक करणारी ती पत्रं तिनं पुन्हा वाचली. जेवणात केस निघावा तशी स्वतःचीच किळस आली. तिथल्या तिथे तिनं रविराजला काढून टाकलं आणि सर्वांना लिहिलं, "चूक एकट्या रविराजची होती. बिभीषणाकडून माफी मागवली ही माझी चूक. त्याचं नाव यादीत राहील."

दोन दिवसांनी अर्जुनरावांची जीप दुकानासमोर थांबली. ते गादीवर ऐसपैस बसले.

"अप्पा, पोरगी लई शानी झाली तुमची. आमचं पोरगं जरा बोललं आसंल. त्या मंडळीत घ्या त्याला परत. न्हाईतर संस्थेत मास्तरनी काय, धा मिळत्यात."

गुरुपाद अप्पा कसनुसं हसले. "शिवे, बस हितं. चा घे, मिटवून टाक."

"न्हाई, अप्पा."

"आगं, मोठी मानसं दारात आलीत."

"म्हनूनच न्हाई. चूक एकाची आन् ती आपुन दोघांत वाटतो. जल्मभर वाटत आलो. तुमी इथं गादीवर, मी तिथं कॉम्प्युटरवर. मला किळस आलीया या मिटवनीची. नोकरी जाऊ द्या."

अर्जुनराव चहा तसाच ठेवून उठले. अप्पा लेकीकडे न बघता कापडाची घडी घालत राहिले, घडी काही नीट बसेना. नोकरी त्याच आठवड्यात गेली. शिवकन्या आता केजच्या कॅफेत जाऊन मंडळीचं काम करू लागली.

बिभीषण परत येईल असं तिला वाटत होतं. तो आला नाही. त्याचं एक पत्र तेवढं आलं, सर्वांसाठी:

"ताईंनी चूक मान्य केली, बरं वाटलं. पन मी 'माझं चुकलं' लिवलं, ते एकशे नव्वद जनांनी वाचलं. तुमच्यातल्या एकानंबी कावून इचारलं न्हाई, की बाबा, तुझं चुकलं काय?"