हाताचा गुण

"साडी जरा वर घे, पोरी. माझ्यापाशी कसली लाज?" गेरूची वाटी हातात धरून सुलतानबी म्हणाली. आठवा महिना लागलेली प्रीती मान खाली घालून उभी होती. बाहेर सोप्यात तिची सासू धोंडुबाई ताटकळत बसली होती.

शिवाजी पेठेत कुणाला नागीण उठली की डॉक्टरच्या आधी सुलतानबीचं दार वाजे. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळायच्या आत तिचा गेरू अंगाला लागला पाहिजे, एवढंच पेठेला ठाऊक होतं.

प्रीतीचे फोड मात्र नको त्या जागी होते.

"कितव्यांदा गं?"

"तिसऱ्यांदा, चाची. लघवीला बसलं की नुसती आग हुतीया. आत्याबाईस्नी मांडीवर हाय म्हणून सांगितलंय."

सुलतानबीने वाटी खाली ठेवली. चाळीस वर्षांत तिने शेकडो नागिणी पाहिल्या होत्या, पण एकाच जागी तिसऱ्यांदा उठलेली एकही नाही. आपल्याला कळत नाही हे कळायलाही अक्कल लागते. ती तिच्यापाशी होती.

"ही नागीण न्हवं. दवाखान्यात जायाचं, आत्ताच."

"आत्याबाईस्नी काय सांगू?"

"ते माझ्यावर सोड."

सोप्यात येऊन ती म्हणाली, "धोंडुबाई, माझा गेरू हिला लागू पडंना. डॉक्टरीणबाईंकडं नेते."

"तुझा गेरू लागू पडंना? असं कवा झालंय व्हय?"

"आता झालं की. हाताचा गुण गेला म्हन."

डॉक्टरीणबाईंनी तपासून नाव सांगितलं, जननेंद्रियांचा हर्पीस; नागिणीहून वेगळा, शरीरसंबंधातून लागणारा. "गोळ्यांनी फोड बसतील, पण पुन्हा उठू शकतात. नवऱ्यालाही घेऊन या. कुणामुळं झालं म्हणून भांडत बसू नका, हा वर्षानुवर्षं अंगात गुपचूप राहतो. कळा सुरू झाल्या आणि फोड असले, तर लगेच सांगायचं. ऑपरेशन करू, म्हणजे बाळाला लागण व्हायची भीती कमी."

कळा सुरू झाल्या तेव्हा फोड होते. प्रीतीने न लाजता सांगितलं. ऑपरेशन झालं आणि धडधाकट मुलगी झाली.

इकडे धोंडुबाईच्या तोंडून पेठभर झालं की सुलतानबीच्या हाताचा गुण गेला. दार वाजायचं थांबलं. एका वाक्यात तिला आपलं नाव राखता आलं असतं, पण त्यात प्रीतीची अब्रू गेली असती. कुणी विचारलं तर ती हसून "व्हय, गेला," म्हणायची. मला या बाईचं फार अप्रूप वाटतं. उरलेला गेरू तिने अबोलीच्या कुंडीला फासला.

सव्वा महिन्यानं प्रीती बाळाला घेऊन आली. कट्ट्यावर गल्लीतल्या बायका बसल्या होत्या.

"चाची, हिला रोज न्हाऊ घालशीला? तुमच्याच हातानं पायजे," सगळ्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली.

सुलतानबीने पदराला हात पुसले. पुन्हा एकदा पुसले, आणि मग पुढे केले.