उकळलेली नळी

वसईजवळच्या निर्मळ गावच्या जगन्नाथचे आधी पाय गेले. सोनचाफ्याच्या झाडावर सरसर चढणारा माणूस पस्तिशीत काठी धरून चालू लागला आणि पुढे अंथरुणालाच खिळला. मल्टिपल स्क्लेरोसिस, मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं. मज्जातंतूंचा आजार, औषध नाही. त्याच्या बायकोने, हंसाने, तेही पचवलं. पण बावन्न सालच्या उन्हाळ्यात त्याची लघवीच तुंबली. पोट दगडासारखं झालं. वसईच्या डॉक्टरांनी रबरी नळी घातली तेव्हा कुठे तो ओरडायचा थांबला.

"हे आता रोजचंच," डॉक्टर हंसाला म्हणाले. "नळी उकळायची, हात साबणाने धुवायचे, दिवसातून चार वेळा. तुम्ही शिकून घ्या."

"ती नाही," जगन्नाथ म्हणाला. "बायकोने हे करायचं? त्यापेक्षा मेलेलं बरं."

मग धाकटा भाऊ विद्याधर शिकला. फुलाकेळींच्या वाडीतलं काम टाकून यायचा, कसंबसं उरकायचा. चार वेळांच्या दोन झाल्या. जगन्नाथने पाणी पिणंच सोडलं. हंसाने उशाशी ठेवलेलं पाणी तो खिडकीतून ओतून द्यायचा. तिला हे कळलं तोवर त्याला हुडहुडी भरली होती, लघवीला घाण वास येत होता.

विद्याधर सायकल काढून डॉक्टरांना आणायला गेला. हंसाने नळी उकळली, निववली आणि पलंगाशी बसून नवऱ्याचं धोतर सोडलं.

"हंसा, नको."

"पोट तट्ट फुगलंय. डॉक्टर येईपर्यंत दम निघेल का तुम्हाला?"

पहिल्यांदा नळी अडली. दुसऱ्या खेपेला नळी आत गेली. भांडं भरेपर्यंत तो भिंतीकडे तोंड करून रडत होता.

डॉक्टरांच्या औषधाने ताप उतरला. त्यानंतर चारही वेळा हंसाच करायची. तो नाही म्हणेना, पण दुसरं काही बोलेही ना. पूर्वी ती वाडीतून आली की कुठला चाफा फुलला, केळी कुठवर आल्या, सगळं खोदून खोदून विचारायचा. आता फक्त "झालं का?" आणि तिचं "झालं."

भाद्रपदात ताप उलटला, दिवाळीत पुन्हा. डॉक्टर तपासून ओटीवर आले.

"जंतू मूत्रपिंडांपर्यंत गेलेत."

"माझ्या हातून काही चुकलं का?"

"नळी उकळता ना?"

"दर वेळी."

"मग तुमचं काही चुकलेलं नाही, बाई," ते म्हणाले आणि चपला घालून पायऱ्या उतरले. या खेपेला औषध मात्र त्यांनी लिहून दिलं नाही.