ताईचा उजवा डोळा

“तुला कुणी सांगितलं?” दार उघडताच ताईने विचारलं. बोलताना ती मान जरा जास्तच वळवत होती.

“तुझ्या शेजारच्या काकूंनी. चष्म्याची दांडी बसवायला दुकानात आल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, आता तुमच्या ताईला एकाच डोळ्यावर भागवायचंय.”

धाकटीचा जन्म चष्म्याच्या दुकानात गेला होता. येईल त्याला ती बजावायची, “चाळिशी उलटली ना? डोळ्यांतला दाब तपासून घ्या.” आणि सख्ख्या बहिणीचा डोळा काचबिंदूने गेला, हे तिला गिऱ्हाइकाकडून कळलं.

“मला का नाही बोललीस?”

“कधी बोलणार? तुझा फोन यायचा कुठे?”

खरं होतं. पूर्वी दुकान बंद झालं की धाकटी ताईला फोन लावून मालकाच्या आणि सासूच्या नावाने बोटं मोडायची. ताई आधी तिलाच झापायची, मग स्वतःचं रडगाणं सुरू करायची. पुढे धाकटीच्या मुलीने आईच्या मोबाइलवर गप्पा मारणारा एआय घालून दिला. तो झापत नसे, की मध्येच गुडघेदुखीचं पुराण काढत नसे. धाकटीची चिडचिड कमी झाली, झोप लागू लागली, हेही खोटं नाही. ‘हे तुमच्या ताईंना सांगितलंत का?’ असं त्याने एकदोनदा विचारलंही होतं. विषय तिनेच बदलला. ताईचा फोन आलाच, तर “माझं छान चाललंय गं” म्हणून ती आवरतं घ्यायची.

“दिव्याभोवती रंगीत कडी दिसायला लागली, तेव्हा केला होता तुला फोन,” ताई म्हणाली. “तू घाईत होतीस. आवाजही इतका खुशीत होता तुझा. म्हटलं, नंबर वाढला असेल, कशाला उगीच तिच्या डोक्याला ताप.”

दिव्याभोवतीची कडी ही काचबिंदूची खूण, हे धाकटीला पाठ होतं. रंगीत कडी एवढं कानावर पडलं असतं, तरी तिने ताईला तशीच हाताला धरून डॉक्टरकडे नेली असती.

तेवढ्यात काकू डोकावल्या, बसल्या. ताईने चहाची किटली आणून धाकटीच्या कपावर वाकवली. अंदाज चुकला. धार कपाबाहेर पडणार, हे धाकटीच्या लक्षात येईपर्यंत काकूंनी कप बरोबर धारेखाली सरकवला होता. गच्चीवरच्या गळक्या टाकीचं बोलणं जराही न थांबवता.