दुमुलवालीचं घर

आमच्या बामगोल गावात म्हाताऱ्या बाईला कुणी नावानं हाक मारत नाही. जिथून ती लग्न होऊन आली, त्या गावाची ती वाली. मी सॉकगोलवाली, माझ्या शेजारची दुमुलवाली. दोन्ही अंगणांमध्ये कमरेइतकी दगडी भिंत, तिच्यावरून किमचीची वाटी इकडून तिकडे जायची. तिचं खरं नाव बांग जॉम-रे आहे हे मला कळलं तेव्हा आमच्या दोघींचे दात पडून गेले होते.

तेही यू बाईंमुळे कळलं. यू बाई तालुक्याहून यायच्या आणि गावच्या सभागृहात, खालून तापवलेल्या जमिनीवर बसवून, आम्हा म्हाताऱ्यांना लिहायला शिकवायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी "बांग जॉम-रे" असं पुकारलं तर कुणीच ओ दिली नाही. दुमुलवालीसुद्धा मान वळवून बघत होती, ही कोण बाई म्हणून.

पण मग तिनं अक्षरांचा ध्यास घेतला. कारण मला ठाऊक होतं. आम्ही सुना होऊन आलो त्या काळी गावातल्या सगळ्या बायकांचे शिक्के गावच्या कारभाऱ्याकडे एका डब्यात असायचे. सहीच्या जागी शिक्काच चालायचा; खताला लागतो, बियाण्याला लागतो, दर वेळी कुठे घरोघर फिरायचं, म्हणून. त्याच डब्यातला शिक्का उमटवून तिच्या सासऱ्यानं तिच्या नावावरचं ओढ्यापलीकडचं शेत विकलं. तिला कळलं ते दुसऱ्याचे बैल तिथे नांगरताना बघून. त्यानंतर शिक्का तिनं कमरेच्या पिशवीत ठेवला आणि झोपतानाही काढला नाही.

तिला दोन मुलगे. थोरला ग्योंग-हो इंचॉनला नोकरीत होता. धाकटा मान-बॉक पन्नाशी ओलांडलेला, पण समज लहान पोराची. तो गायीसाठी आंबोण शिजवायचा, आईची पाठ चेपून द्यायचा, आणि बस आली की फाटकाबाहेर धावायचा. बस आमच्या गावात येऊन संपते आणि त्यांच्या फाटकासमोरच वळते. मान-बॉक मागे उभा राहून ओरडायचा, "मागे, मागे, मागे... बस!" ड्रायव्हरला त्याची काही गरज नव्हती. पण मान-बॉकचा हात वर गेल्याशिवाय त्यानं कधी ब्रेक लावला नाही.

एका शरदाच्या सणाला ग्योंग-हो घरी आला होता. आम्ही ओट्यावर चेस्टनट सोलत होतो. तो म्हणाला, "आई, तू असेपर्यंत ठीक आहे. तुझ्यामागे मान-बॉकला आमच्या इकडच्या संस्थेत ठेवू. चांगली आहे. घर विकलं की त्याचा खर्च निघेल."

दुमुलवालीची सुरी थांबली.

तो गेल्यावर ती मला म्हणाली, "ह्याला चार भिंतींत कोंडलं तर हा मरेल गं. गाय नाही, बस नाही. कुणाला मागे, मागे म्हणेल हा?"

"मग तू काय करणार?"

"लिहिणार," ती म्हणाली.

त्या हिवाळ्यात तालुक्याहून सॉ वकील सभागृहात आले. म्हाताऱ्याकोताऱ्यांना फुकट सल्ला द्यायला ते असे अधूनमधून गावोगाव फिरायचे. पोरगेलासा माणूस, पायमोज्याला भोक. दुमुलवालीनं त्यांच्यासमोर सातूचा चहा ठेवला आणि सगळं सांगितलं.

"आजी, काहीच लिहिलं नाही तर घर दोघा भावांचं अर्धं अर्धं होईल," वकील म्हणाले. "मग थोरला म्हणू शकतो, माझा वाटा विकून द्या. पण घर पुरतं मान-बॉकच्या नावावर असेल, तर पुढे कोर्ट त्याच्यासाठी जो पालक नेमेल, त्यालाही कोर्टाला विचारल्याशिवाय ते विकता येणार नाही. थोरला थोड्याबहुत पैशांवर हक्क सांगेल, पण घरातून भावाला काढणं अवघड जाईल. मृत्युपत्र करा."

"केलंय," म्हणून तिनं पिशवीतून घडी काढली.

वकिलांनी कागद खिडकीशी धरला. शाईखाली शिसपेन्सिलीच्या फिकट रेघा दिसत होत्या. आम्हाला शिकवायची पद्धतच ती होती. यू बाई आधी पेन्सिलनं हलकं लिहायच्या आणि आम्ही वरून गिरवायचं. दुमुलवालीनं मृत्युपत्रही तसंच गिरवलं होतं. चुकू नये म्हणून.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"खालचं?"

"खालचं बाईंनी. वरचं मी."

वकिलांनी कागद खाली ठेवला. "हे चालणार नाही, आजी. अक्षर न् अक्षर तुमच्या हातचं हवं. तारीख, नाव, पूर्ण पत्ता, आणि शिक्का. उद्या कुणी म्हटलं की बाईंनी लिहून दिलं आणि म्हातारीनं गिरवलं, तर काय सांगाल? त्यापेक्षा माझ्याबरोबर शहरात चला. तिथे अधिकाऱ्यापुढे तुम्ही तोंडी सांगायचं, ते लिहून घेतील, दोन साक्षीदार सही करतील. पक्कं काम."

"म्हणजे दुसरा लिहिणार आणि मी मान हलवणार?"

"हो, पण..."

"तेच तर केलं जन्मभर," दुमुलवाली म्हणाली. "आता मला येतं."

यू बाई बिचाऱ्या लाजेनं लाल झाल्या होत्या. वकिलांनी आणखी दोनदा समजावलं. शेवटी म्हणाले, "बरं, तुम्हीच लिहा. पण कुणी बोटसुद्धा लावू नका. मी भाताच्या लावणीनंतर पुन्हा येतो, तेव्हा दाखवा."

मग तिचा तो उद्योग सुरू झाला. डाव्या हातानं उजवं मनगट धरून लिहायची, कारण हात कापायला लागला होता. एक अक्षर बिघडलं की कागद चुलीत. मान-बॉकला वाटायचं आई चूल पेटवायलाच लिहिते. तो विचारायचा, "आई, आज जाळायचे कागद लिहिलेस का?" ती हसायची, मग मला भिंतीवरून सांगताना डोळे पुसायची.

चेस्टनटला फुलोरा आला तेव्हा ते पुरं झालं. वर्गात तिनं उभं राहून आम्हाला वाचून दाखवलं.

"माझं घर आणि डोंगराकडची चेस्टनटची बाग मी मान-बॉकला देते. ग्योंग-हो, रागावू नको. तुला शिकवलं, ह्याला काही शिकवता आलं नाही. म्हणून ह्याला घर. गायीला विकू नका."

आम्ही टाळ्या वाजवल्या. मागून टेकडीवरची म्हातारी म्हणाली, "अगं, पत्ता लिहिलास का? वकील पत्ता म्हणाला होता."

"लिहिला की. बामगोल, दुमुलवालीचं घर."

"एवढाच?"

"आणखी काय पाहिजे? ग्योंग-हो सैन्यात होता तेव्हा त्याची पत्रं ह्याच पत्त्यावर आली. टपालवाला आंधळा झाला तरी आणून देईल."

सगळ्याजणी हसल्या. मीही हसले. यू बाई एक शब्द दुरुस्त करायला पुढे झाल्या, पण त्यांनी हात मागे घेतला. "नको गं बाई," त्या म्हणाल्या, "मी बोट लावायचं नाही म्हणे." दुमुलवालीनं कमरेची पिशवी सोडली, शिक्क्यावर फुंकर घातली आणि तो दोन्ही हातांनी दाबला. मग लाल शाई वाळेपर्यंत ती तिथेच बसली.

भाताच्या लावणीत ती गेली. सकाळी मान-बॉक भिंतीपाशी येऊन म्हणाला, "काकू, आई उठत नाही. मी गायीला घातलं."

ग्योंग-हो आला, सगळं रीतीनं केलं. मृत्युपत्राचं मी सांगितलं तेव्हा त्याला धक्का बसला, पण नाही म्हणाला नाही. पुढे तालुक्याच्या कोर्टात मृत्युपत्राचं पाकीट उघडलं. मान-बॉकला घेऊन मीही गेले होते. त्याला मी आईनं घेतलेला सदरा घातला होता, गळ्याचं बटण लावलं होतं, ते तो सारखं ओढत होता. कारकुनानं कागद ग्योंग-होपुढे ठेवला.

"हे आईचं अक्षर?" त्यानं मला विचारलं. "मी कधी पाहिलंच नव्हतं." आणि तिथेच, कारकुनासमोर, तो रडला. मला वाटलं, झालं. घर वाचलं.

कोर्टाबाहेर सॉ वकील भेटले. मीच त्यांना बोलावलं होतं. त्यांनी कागदाची प्रत वाचली, पुन्हा वाचली.

"आजी, यात पत्ता नाही."

"आहे की! हे काय? दुमुलवालीचं घर."

"हा पत्ता नाही. रस्ता, नंबर, काहीच नाही. पूर्ण पत्ता स्वतःच्या हातानं लिहिलेला हवा, कायदाच तसा आहे. अक्षर त्यांचं आहे, मनात काय होतं ते लख्ख दिसतंय, शिक्का खरा आहे. तरी हे टिकणार नाही."

"सगळ्या गावाला ठाऊक आहे ते घर कुठलं!"

"गावाला ठाऊक आहे," ते म्हणाले. "कोर्टाला नाही." मग खाली बघत म्हणाले, "मी लावणीआधी यायला हवं होतं."

मी म्हटलं, काही वाट नाही का? ते म्हणाले, एकच. आईच्या इच्छेप्रमाणे होऊ दे, असं ग्योंग-होनं स्वतः मान्य केलं तर.

घरी आल्यावर मी ओट्यावर त्याच्यासमोर बसले. मान-बॉक गोठ्यात गायीशी बोलत होता.

"ग्योंग-हो, तू आईचं अक्षर वाचलंस."

"वाचलं, काकू."

"मग?"

"मग काय? मी हो म्हटलं आणि हिवाळ्यात चूल पेटवताना ह्यानं घर पेटवलं, तर? सरकारनं दिलेली मदतनीस बाई दुपारी येऊन जाते. रात्री कोण आहे?"

"मी आहे ना."

"तुम्ही किती वर्षं, काकू?"

त्यानं वाईट हेतूनं नाही विचारलं. त्याचेही केस पिकले होते. पायऱ्या चढताना तो गुडघा धरत होता.

"माझ्या बायकोनं सांगितलंय, घरात ठेवणार नाही," तो हळूच म्हणाला. "मला बामगोलला येऊन राहता येत नाही. मी ह्याला रोज बघू शकेन अशी एकच जागा आहे. तिला पैसे लागतात. आईला हे कळत होतं, म्हणूनच तिनं मला रागावू नको लिहिलं ना?"

तिनं ते कशासाठी लिहिलं हे मला माहीत होतं. पण माझी वर्षंही आता मोजकीच होती. आतून मान-बॉकचा आवाज येत होता, "खा, खा, आई रागावेल."

गाय आधी गेली. व्यापारी न्यायला आला तेव्हा मी मान-बॉकला ओढ्यावर घेऊन गेले. परत आल्यावर तो रिकाम्या गोठ्यात उभा राहिला, पण त्यानं काही विचारलं नाही. त्यानं काही तरी विचारायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

त्याला न्यायच्या दिवशी ग्योंग-हो सकाळीच गाडी घेऊन आला. सामान एका पेटीत मावलं. फाटकाच्या खांबावर दुमुलवालीनं लावलेल्या लसणाच्या माळा तशाच होत्या. मान-बॉक म्हणाला, वहिनीला नेतो. त्यानं एक एक माळ उतरवली. शेवटची निघाली तशी खालून निळी पाटी दिसली.

मला आठवलं. काही वर्षांपूर्वी सरकारनं घरोघर अशा पाट्या ठोकल्या होत्या. तेव्हा दुमुलवाली म्हणाली होती, "बरं झालं, लसणाला खिळे मिळाले." त्या वेळी आम्हा दोघींना वाचता येत नव्हतं. पुढे येऊ लागलं, तोवर पाटीवर लसूण होता.

मी जवळ गेले आणि बोट ठेवून वाचलं. बामगोल रस्ता, पुढे घराचा नंबर. एवढंच तर लिहायचं होतं. ती रोज ह्याच खांबाला हात टेकून सभागृहात यायची.

"काकू, काय लिहिलंय?" मान-बॉकनं विचारलं.

"तुझ्या घराचा पत्ता."

"मला पाठ आहे," तो म्हणाला. "दुमुलवालीचं घर."

ग्योंग-होनं तोंड फिरवलं. मग तो गाडीत बसला. गाडी अंगणातून मागे काढायची होती, एका बाजूला माझी भिंत. मान-बॉक धावत गाडीच्या मागे गेला, माळा खांद्यावर तशाच, आणि दोन्ही हातांनी बोलावू लागला.

"मागे... मागे... मागे..."

ग्योंग-होला आरशात सगळं दिसत होतं. तरी तो अगदी हळू मागे येत राहिला.

"बस!"

हात वर गेला. गाडी थांबली. मान-बॉक क्षणभर तसाच उभा राहिला, बस वळली की राहायचा तसा, ती निघून जायची वाट बघत. गाडी गेली नाही. भावानं आतून दार उघडलं, आणि मग तो जाऊन आत बसला.