घड्याळजींची होडी

मित्रांनो, मी एक जुनी शिडाची होडी आहे. दोन खाटा एकापुढे एक ठेवल्या तर जेवढी जागा लागेल, तेवढी माझी लांबी. मधे बसून कोणी हात पसरले तर माझे दोन्ही काठ त्याच्या हाताला लागतात. माझ्यात एक दोष आहे, तो आधीच सांगून टाकते. मला स्वस्थ बसता येत नाही. या दोषापायी एकदा एका माणसाचा जीव जाता जाता वाचला.

मला एका सुताराने घडवलं. तलावाकाठी त्याची पत्र्याची शेड होती. दिवसभर तो खुर्च्या, चौकटी, शाळेची बाकं करायचा आणि उरलेल्या वेळात मला. त्यामुळे दोन वर्षं गेली. बाकं तयार होऊन बाहेर पडायची आणि मी पालथी पडून दारातून दिसणाऱ्या पाण्याच्या पट्टीकडे बघत राहायची. अखेर त्याने मला पाण्यात सोडलं, तेव्हा त्याच्या हातातला दोर मी असा हिसकला की तो गुडघाभर पाण्यात आला. "हिला जराही दम निघत नाही," तो म्हणाला, पण हसत होता.

मला विकत घेतलं एका घड्याळजींनी. आठवडाभर डोळ्याला भिंग लावून, मान वाकवून ते दुकानात बसत. रविवार उजाडला की त्यांना घर खायला उठे. मग ते बायकोला आणि चिमणीला घेऊन तलावावर येत. बायको घरी शिवणकाम करायची. चिमणी म्हणजे त्यांची आठ वर्षांची मुलगी. ती श्वास घ्यायलाही न थांबता प्रश्न विचारायची. माझं नाव काय ठेवायचं यावर तिघांचे तीन रविवार वाद झाले. एकमत झालं नाही, आणि मी नुसती 'होडी'च राहिले.

ती वर्षं फार सुखाची होती. काठावरचे लोक मला बघून थांबत, आणि माझी चाल आणखी वाढे. घड्याळजी माझी काळजी घेत, पण सुकाणू मात्र कोणाच्या हाती देत नसत. "अगं, तू आपली डबा उघड," असं बायकोला सांगत. एकदा माझं शीड फाटलं. तिने ते घरी नेऊन असं शिवलं की जोड बोटालाही कळू नये. घड्याळजींनी कौतुक केलं, पण शीड चढवायला पुन्हा स्वतःच उठले. दोघींना ते तरंगायची जाकिटं घालायला लावत. स्वतः घालत नसत. "मला पोहता येतं," म्हणत.

आता ती दुपार. वारा पाठीमागून होता आणि मी सुसाट निघाले होते. घड्याळजींनी शिडाचा दोर खुंटीला गुंडाळला आणि लव्हाळ्यातलं पाखराचं घरटं चिमणीला दाखवायला ते उभे राहिले. तेवढ्यात वारा फिरला. माझं शीड एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला फेकलं गेलं, आणि त्याच्या खालचा लाकडी दांडा त्यांच्या खांद्यावर बसला. ते पाण्यात पडले.

मी थांबले नाही. खोटं कशाला सांगू? क्षणभर मला आनंदच झाला. मला आवरायला कोणी नव्हतं. मग चिमणीचा आवाज आला, अगदी हळू. "आई, बाबा लहान लहान होत चाललेत."

मला थांबायचं होतं, पण होडीला स्वतःहून थांबता येत नाही. आईने सुकाणू धरलं, पण ते कुठे वळवायचं हे तिला माहीत नव्हतं. मग तिची नजर शिडाकडे गेली. ती स्वतःशीच पुटपुटली, "कापडच आहे. ताणलंय, म्हणून ओढतंय." तिने खुंटीचा दोर भराभर सोडला. शीड फडफडत ढिलं पडलं, आणि माझा वेग ओसरला.

"चिमणे, बाबांकडे बोट कर. काही झालं तरी बोट हलवायचं नाही."

चिमणी बोट रोखून बसली. आईने शीड खाली ओढलं, वल्हं काढलं आणि वाऱ्याच्या विरुद्ध मला एकेक हात मागे नेलं. तिच्या तळहातांची सालटी निघाली. घड्याळजींचा एक हात चालतच नव्हता. दुसऱ्या हाताने ते कसेबसे पाणी मारत होते. तोल राहावा म्हणून चिमणीला माझ्या पलीकडच्या काठाशी बसवून तिने त्यांना कॉलर आणि कमरेचा पट्टा धरून आत ओढलं. मग तिने मला वल्हवत किनाऱ्याला आणलं.

खांदा सांधला, पण घड्याळजी पुन्हा आले नाहीत. सुताराने विचारलं की "वेळ नाही" म्हणायचे. ते पाण्याला भ्याले नव्हते. बायकोच्या हातांकडे बघायची त्यांना लाज वाटत होती. मी शेडमागे ताडपत्रीखाली पडले. चार वर्षं मला लाटा ऐकू येत होत्या आणि हलता येत नव्हतं. माझ्या बाकाखाली गांधीलमाश्यांनी घर केलं. फळ्या सुकून त्यांच्यातून उजेड दिसू लागला.

मग एके सकाळी ताडपत्री बाजूला झाली. बघते तर घड्याळजींची बायको, आणि शेजारी तिच्या खांद्याएवढी झालेली चिमणी.

"मला हिला चालवायला शिकवाल?" तिने सुताराला विचारलं.

"वहिनी, ते काय म्हणतील?"

"त्यांना कुठे विचारलंय? तुम्हाला विचारतेय."

मला पाण्यात ढकललं तशी मी बाकापर्यंत पाण्याने भरले. चिमणी रडवेली झाली. सुतार म्हणाला, "लाकूड तहानलंय. पिऊ दे." आणि खरंच, तिसऱ्या दिवशी माझ्या फळ्या फुगून एकमेकींना चिकटल्या. पुढे कित्येक रविवार ती शिकत होती. दोनदा तिने मला लव्हाळ्यात घुसवलं. मी कुरकुरले, पण मनातून खूश होते.

एका रविवारी आम्ही परतलो, तर धक्क्यावर घड्याळजी उभे. त्यांनी वाकून माझा दोर धरला.

"किती दिवस लागले शिकायला?"

"तुम्ही शिकवलं असतं, तर कमी लागले असते," ती म्हणाली.

त्यांनी दोर ओढून मला धक्क्याला लावलं. "बरोबर आहे," म्हणाले. मग विचारलं, "मी कुठे बसू?"

"आधी हे जाकीट घाला. पुढे बसा. आणि मी सांगेन तेव्हा डोकं खाली."

त्यांनी जाकीट घातलं. दुखरा हात पट्ट्यापर्यंत पोचेना, तेव्हा चिमणीने पट्टा लावून दिला. तलावाच्या मधोमध आईने "खाली" म्हटलं, आणि घड्याळजींनी निमूट मान वाकवली.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना झाकून ठेवलं म्हणजे जपलं असं नाही. आम्हाला वापरा, आमची डागडुजी करा. आणि तुमच्या घरी एखादं काम एकाच माणसाला येत असेल, तर आजच त्याच्या शेजारी जाऊन बसा. "मलाही दाखवा," म्हणा. "नंतर बघू," असं उत्तर येईल. तरी उठू नका.