अठ्ठेचाळीस सेकंद

सासऱ्यांनी कोठीच्या खोलीत मुक्काम हलवला, त्याला सोमवारी एकोणीस दिवस झाले.

घरात खिडकी नसलेली तीच एक खोली. मागे लहानसं न्हाणीघर, पुढे जाड लाकडी दार आणि दाराला आतून त्यांनी स्वतः बसवलेली पितळी कडी. जेवणाच्या वेळी दार वीतभर उघडायचं, ताट आत जायचं, कडी लागायची. तेवढ्या फटीतून सुनेला रोज एकच दृश्य दिसे: जुन्या गाद्यांच्या चळतीवर ताठ बसलेले सासरे, आणि अंगात शिशाचा एप्रन.

तीस वर्षं त्यांनी रुग्णालयाच्या एक्स-रे विभागात काढली होती. निवृत्त होताना लोक घड्याळ घेऊन घरी येतात. त्यांनी आपला जुना एप्रन मागून घेतला. तेव्हा सगळे हसले होते.

एरवी म्हातारपणाचा लहरीपणा म्हणून याकडे काणाडोळा करता आला असता. पण सासऱ्यांच्या छातीत पेसमेकर होता आणि त्याची बॅटरी संपत आली होती. गुरुवारी दुपारी बाराची वेळ मिळाली होती. ती हुकली तर पुढची तारीख पाच आठवड्यांनी, आणि बॅटरी तोवर तग धरेल अशी हमी द्यायला डॉक्टर तयार नव्हते. दार फोडायलाही त्यांनी साफ मनाई केली होती. या हृदयाला झटापट सोसणार नाही, म्हणाले.

"मग करायचं काय? दारात बसून अंगाई म्हणायची?" नवरा म्हणाला. एकोणीस दिवसांत त्याचे सगळे उपाय करून झाले होते. रागावून झालं, हातापाया पडून झालं, वीज बंद करून झाली. वडिलांनी आतून टॉर्च लावला.

आणि या सगळ्याच्या मुळाशी होता सुनेचा आवाज.

ती तारांगणात निवेदिका होती. ताऱ्यांच्या मृत्यूवरच्या खेळातलं निवेदन तिचंच, अकरा वर्षांपूर्वी ध्वनिमुद्रित केलेलं. सासऱ्यांनी तो खेळ कधी पाहिला नव्हता, म्हणून ज्येष्ठांसाठी राखून ठेवलेल्या दिवशी तिनेच त्यांना आग्रह करून नेलं. घुमटावर लाल तारा फुगला, फुटला, खुर्च्या थरथरल्या आणि तिचा आवाज म्हणाला, "अशा स्फोटाचे किरण एखाद्या ग्रहावर पोचले, तर तिथलं ओझोनचं कवच विरून जाऊ शकतं आणि जीवसृष्टी होरपळू शकते. मृग नक्षत्रातला काक्षी हा लाल तारा असाच मरणपंथाला लागला आहे. तो उद्या फुटेल, किंवा लाख वर्षांनी." मग संगीत, दिवे, आणि बाहेर जाण्याचा मार्ग डावीकडे.

घरी येताना सासरे एक शब्द बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी कडी बसवली.

सोमवारी ताट आत सरकवल्यावर ती दाराशीच बसली.

"बाबा, काक्षी फार लांब आहे. त्याच्यापासून आपल्याला धोका नाही."

"हे तू तिथे का नाही सांगितलंस?"

"सांगितलंय. निवेदनात आहे ते."

"सूनबाई, माझं हृदय अधू आहे, कान नाहीत. एक शब्द नव्हता." आतून गादी करकरली. "आम्ही बटण दाबायच्या आधी ओरडून सांगायचो. श्वास घ्या, रोखा. मग बटण. वर कोण ओरडणार आहे? प्रकाश आणि किरण बरोबरच निघतात, बरोबरच पोचतात. दिसला म्हणेपर्यंत लागलेलाच असतो."

"पण मी आता सांगतेय ना!"

"आता तू मला दवाखान्यात न्यायला सांगतेयस. तिथे तू दोनशे माणसांना सांगत होतीस. कोणती खरी?"

तिच्याच आवाजाने तिच्या तोंडात मारली होती. तरी तिला पक्कं आठवत होतं. अंतराचा परिच्छेद तिने लिहिला होता, वाचलाही होता.

मंगळवारी सकाळी ती प्रक्षेपण कक्षात गेली. तिथल्या तंत्रज्ञाला सगळे मुंगळा म्हणत, कारण एकदा खुर्चीला चिकटला की तो सुट्टी होईपर्यंत सुटत नसे.

"अंतराचा भाग कुठे गेला रे?"

"तो? कापला." मुंगळ्याने वळूनही पाहिलं नाही. "सात वर्षं झाली. पोलीस शाळांच्या बस फाटकासमोर जास्त वेळ थांबू देईनात, म्हणून खेळ बावीस मिनिटांत बसवायचा हुकूम निघाला. स्फोटाची चित्रं कापली तर खेळात राहतं काय? मग काय, नुसता धुरळा आणि बोलणं होतं तो भाग कापला. त्या तुकड्यात तू खोकलीही होतीस, म्हटलं एका दगडात दोन पक्षी."

"मला सांगायचंस तरी!"

"तुला कळलं असेल असं वाटलं. तुझाच आवाज."

तिला कळलं नव्हतं. कोणालाच कळलं नव्हतं. सात वर्षं ती दाराशी उभी राहून तिकिटं तपासत होती, मुलांना रांगेत लावत होती, आणि खेळ सुरू झाला की चहाला जात होती, सासऱ्यांना आणलं त्या दिवशीही. स्वतःचं बोलणं अंधारात बसून ऐकायची हौस कोणाला असते?

मुंगळ्याने जुन्या साठ्यातून तुकडा शोधून दिला. अठ्ठेचाळीस सेकंद.

संध्याकाळी तिने फोन कोठीच्या दाराच्या फटीशी धरला. अकरा वर्षांनी तरुण असलेला तिचा आवाज बोलू लागला: "पण घाबरण्याचं कारण नाही. असा तारा साधारण पन्नास प्रकाशवर्षांच्या आत फुटला, तरच पृथ्वीला गंभीर धोका संभवतो. काक्षी सुमारे सहाशे..." इथे खोकला आला, कोरडा, खोल, "...सहाशे प्रकाशवर्षं दूर आहे. तो फुटला तर काही आठवडे दिवसाही दिसेल, इतकंच."

आत पावलं दाराशी आली.

"पुन्हा लाव. खोकला येतो तिथे."

तिने लावलं.

"उजवं फुप्फुस, खालचा भाग," सासरे म्हणाले. "त्या हिवाळ्यात तुला न्यूमोनिया झाला होता. फिल्म मी काढली होती. श्वास रोख म्हटलं तर तुला तीन सेकंदही जमेना." थोडं थांबून ते म्हणाले, "म्हणजे हे तेव्हाचंच आहे. मला पटवायला काल ध्वनिमुद्रित केलेलं नाही."

त्या खोकल्याचे आभार मानावेत अशी वेळ येईल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"पन्नासचा आकडा अकरा वर्षं जुना झाला. आताचा सांग. खरा."

"काही जण आता दीडशेपर्यंत नेतात."

भिंतीवर पेन्सिल खरडल्याचा आवाज आला. हा हिशेब त्यांच्या हाडात मुरलेला होता. दुप्पट लांब उभं राहिलं की किरणांचा मारा पाव होतो, हे त्यांनी शिकाऊ मुलांच्या तीन पिढ्यांना घोकायला लावलं होतं.

"पन्नास धरले तर बारा पट अंतर. एकशे चव्वेचाळिसावा हिस्सा. दीडशे धरले तर चौपट, म्हणजे सोळावा. सोळावा म्हणजे... हं. एप्रनशिवाय चालेल."

"मग गुरुवारी निघायचं ना बाबा?"

कडी वाजली नाही.

"नाही."

"आता काय राहिलं?" मागून नवरा ओरडला.

"तू मध्ये बोलू नकोस. सूनबाई, मला एकट्याला ऐकवलंस, ती समजूत झाली. सगळ्यांना ऐकवशील तेव्हा ती माहिती होईल. सात वर्षं माणसं अर्धवट ऐकून घरी गेली. पेशंटला अर्धा रिपोर्ट द्यायचा आणि बाकीचा कपाटात ठेवायचा, हे माझ्या खात्यात चालत नव्हतं. खेळात घाल, मी बाहेर येतो."

बुधवारी ती संचालकांपुढे उभी राहिली. सासऱ्यांचं तिने सांगितलं नाही, घरची लक्तरं कशाला. फक्त म्हणाली, चूक आहे, दुरुस्त करू या.

"चूक कुठे आहे? एक तरी वाक्य खोटं आहे का?"

"नाही, पण अपुरं आहे."

"बाई, वेळापत्रकही अपुरंच आहे." संचालकांनी फाईल मिटली. "पुढच्या वर्षी नवा खेळ करणार आहोत. तेव्हा बघू."

पुढचं वर्ष. तिच्याकडे पुढचा दिवस होता.

गुरुवारी अकराच्या खेळाला चार शाळा होत्या. दिवे मालवल्यावर ती चहाला गेली नाही. प्रक्षेपण कक्षात शिरली, दाराला खिटी लावली, आणि नवऱ्याला फोन लावून तो मायक्रोफोनजवळ ठेवला. तिकडे नवऱ्याने त्याचा फोन कोठीच्या दाराशी धरला होता.

"मला यात ओढू नकोस," मुंगळा म्हणाला.

"तू फक्त थांबव म्हटलं की थांबव. नंतर मी जबरदस्ती केली म्हणून सांग."

तारा फुगला, फुटला. खुर्च्या थरथरल्या, मुलं किंचाळली. "...किंवा लाख वर्षांनी," तिचा आवाज म्हणाला.

"थांबव."

घुमटावर लाल धुरळा तसाच गोठला. तिने माइक सुरू केला. आधी लिहून आणलेलं वाचायला लागली, पण मग कागद खाली ठेवला.

"मुलांनो, पुढचं वाक्य आम्ही सात वर्षांपूर्वी कापलं होतं. ते आता ऐका."

तिने सांगितलं. काक्षी किती लांब, धोक्याची हद्द कुठवर, कोण पन्नास म्हणतं, कोण दीडशे, आणि दोन्ही धरले तरी आपण कुठे आहोत. दूर गेलं की मारा कसा झपाट्याने कमी होतो, ते सासऱ्यांच्याच शब्दांत सांगितलं. अठ्ठेचाळीस सेकंदांची दोन मिनिटं झाली. बाहेरून दारावर थाप पडली. मग दुसरी. "दार उघडा! बस उभ्या आहेत!" हा संचालकांचा आवाज होता. खिटी हिसक्यासरशी हलली, पण टिकली. खोलीला दुसरं दार नव्हतं. मुंगळा खुर्चीत आणखी खाली सरकला.

तिने माइक बंद केला आणि फोन कानाला लावला. पावणेबाराला घर सोडलं नाही तर गेलंच सगळं.

मग पितळ लाकडावर घासल्याचा आवाज आला. आणि पाठोपाठ, तीस वर्षं बंद दारामागच्या माणसांना दिलेला तो सपाट, खणखणीत हुकूम.

"झालं. सोडा श्वास."

"निघालेत!" नवरा कुजबुजला. "एप्रन काढायला तयार नाहीत पण."

"घालू दे. वर बघायला सांगू नकोस, नुसतं गाडीत बसव."

दारावरच्या थापा थांबल्या नव्हत्या. तिने मुंगळ्याला खूण केली. लाल धुरळा पुन्हा हलू लागला, संगीत वाजलं, आणि तिचा अकरा वर्षांपूर्वीचा आवाज मुलांना सांगू लागला की बाहेर जाण्याचा मार्ग डावीकडे आहे. ती खुर्चीवर बसली. खिटी उघडायला तिने अजून हात लावला नव्हता.