पाळण्याचा पोकळ खांब

त्या चाकाचा मला पहिल्यापासून राग होता. सवत आणली असती तर निदान तिच्याशी भांडता तरी आलं असतं.

हळ्ळीखेडला आमचा खराद. खराद म्हणजे लाकूड फिरवून कातायचं यंत्र, दुसरं काय. बाजेचे पाय, लाटणी, रवीचे दांडे, असलं सगळं आमच्याकडंच व्हायचं. पोलिस ॲक्शनच्या आधी जहागीरदारांच्या हुक्क्याचे नळेसुद्धा आम्हीच कातले. आमच्या ह्यांनी, म्हणजे उद्धवरावांनी, जमिनीवर बसायचं, लाकडाला पटाशी लावायची आणि पायाच्या अंगठ्यानं ती दाबून धरायची. समोर बसून मी लाकडाला गुंडाळलेली कातड्याची वादी ओढायची. लग्न होऊन आले तवापासून वादी माझ्याच हातात. लाकडात गाठ आली, आत कीड असली, पटाशी जास्त रुतली, सगळं मला वादीतून कळायचं. माझा हात थांबला की लाकूड जागच्या जागी थांबायचं.

तरी ह्यांचा उजवा डोळा गेलाच. मी माहेरी कमलनगरला गेले होते आणि वादीला त्यांचा चुलतभाऊ बसला होता. बाभळीच्या पायाला आतून चीर होती. त्याला ती कळली न्हाई, तो आपला ओढत राहिला आणि ढलपा उडून डोळ्यात गेला. बिदरचा डॉक्टर म्हणाला, हा गेला, आता दुसऱ्याला जपा. तवापासून तो दुसरा डोळा मी डोळ्यात तेल घालून जपायले. मी वादीला असल्याबिगर खरादाला हात लावू देत नव्हते. बायको दारात उभी राहून दम देते म्हणून गाव हसायचं. हसू दे की.

पहिल्या निवडणुकीच्या पुढच्या साली मुडबीचे रामाचार्य आले. त्यांच्या घरी रामनवमीला पाळणा हलवतात, सगळ्या गावच्या बायका गोळा होतात. जुन्या पाळण्याचे दोन्ही खांब वाळवीनं खाल्ले होते. नवे करायला त्यांनी घरचंच शिसवी लाकूड गाडीत घालून आणलं. माणूस भला, आवाज कधी चढणार न्हाई, पण अट सोडणार न्हाई. म्हणाले, "उद्धवा, दोनच गोष्टी. खांबाला चिकटवायला सरस लावायचा न्हाई, तो कातड्याचा असतो. आणि लाकडाला पाय लागू द्यायचा न्हाई."

माणसानं व्हय म्हणावं, दोन सरळ खांब कातावेत आणि मोकळं व्हावं. पण ह्यांच्या अंगात काय शिरलं कोण जाणे. "आचार्य, पोकळ खांब करून देतो," म्हणाले. "चार दांड्या दिसतील, मधून आरपार उजेड दिसंल, आणि आतून कोरला कसा ते कोणाला कळायचं न्हाई."

आचार्य गेल्यावर मी म्हणलं, "उचलली जीभ लावली टाळ्याला. कसा करणार?"

ह्यांनी चुलीजवळचा मुळा उचलला. मधोमध गोल खाच घेतली. मग मुळ्याचे उभे चार काप केले आणि एकेक काप फिरवून, साल आत आणि गाभा बाहेर असा, परत एकत्र धरला. बाहेरची खाच आत गेली होती. मुळा मधी पोकळ झाला होता. "उस्ताद सांगायचे," ते म्हणाले, "भीतर का बाहर कर, बाहर का भीतर." त्यांचे उस्ताद लेकाकडं हैदराबादला निघून गेले होते. जाताना हे एवढंच सांगून गेले, करून दाखवायला वेळ मिळाला न्हाई.

खरं सांगते, मला तो मुळा लई आवडला. हातात घेऊन मी त्यातून दाराकडं बघितलं. आणि मग माझ्या ध्यानात आलं.

"चार सुटे तुकडे खरादावर फिरताना कशानं धरून राहणार?"

"चिकटवायचे."

"आणि मग सोडवायचे?"

"मधी कागद घालायचा. पाचर घातली की सुटतात."

म्हणजे निघावेत म्हणूनच कच्चे चिकटवलेले चार शिसवी तुकडे गरगर फिरणार, आणि त्यांच्यासमोर ह्यांचं तोंड, त्यात एकच डोळा. सरसही न्हाई. त्या रात्री मला भाकरी गोड लागली न्हाई.

आता चाकाचं सांगते. गुरुशांतप्पाच्या दुकानामागं कडबा कापायचं मोडकं यंत्र पडलेलं होतं. त्याचं बिडाचं जड चाक ह्यांनी आणलं आणि खराद पार बदलून टाकला. चार पायांवर उभा केला, खाली पायानं दाबायची फळी लावली, फळीनं चाक फिरतं, चाकावरचा पट्टा लाकडाला फिरवतो. पटाशी टेकवायला लाकडी टेकण केलं, म्हणजे अंगठा नको. पाय खाली, देवाचं लाकूड वर. आचार्यांची अट बरोबर पाळली.

"तुझे हात मोकळे झाले," मला म्हणाले.

"मला कोणी इचारलं? कामून मोकळे करायलात माझे हात?"

ते चाकाला तेल देत राहिले. मी फळी दाबून बघितली, पाय काढला, तर चाक फिरतच राहिलं. कितीतरी वेळ फिरत राहिलं. मी म्हणलं, "हे थांबत न्हाई. वादी मी सोडली की थांबायची. ह्याला कोण थांबवणार?" तेव्हाही गप्प. गप्प बसणाऱ्या माणसाशी भांडणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. मला वाईट ह्याचं वाटलं की इतकी वर्षं वादी ओढून मी चाकापेक्षा हलकी ठरले.

तरी चिकटवायचा लगदा मीच केला. नासलेल्या दुधाचा चोथा पिळून त्यात चुना घोटायचा. आमच्या आईनं असंच फुटलेलं काही बाही सांधलेलं मी बघितलं होतं. उद्या सांधा सुटला तर माझ्याच हातचा लगदा ह्यांच्या डोळ्यात जाणार, हे घोटताना मला दिसत होतं. तरी घोटला. दुसऱ्यानं केलेल्यावर माझा भरवसा बसला नसता.

पहिली फेरी पार पडली. कागद घालून चार तुकडे जोडले, दोन्ही टोकांना लोहाराकडची कडी ठोकली, मधी खाच कातली. मी दोन्ही हात तोंडावर घेऊन बसले होते. कडी काढून पाचर घातल्यावर चारही तुकडे अलगद सुटले. ते फिरवून, बाहेरचं आत करून, कागद न घालता पक्के जोडले आणि सावलीत वाळायला ठेवले.

खरा धोका दुसऱ्या फेरीला होता. आता बाहेरचे कोपरे कातून काढायचे. कातता कातता आतली पोकळी उघडी पडणार आणि मधी फक्त चार बारीक दांड्या राहणार, दोन्ही टोकांना तेवढ्या सांध्यावर धरलेल्या.

दुपारी जेवण करून ते उभे राहिले. मी जवळच एक भिजवलेलं पोतं घेऊन बसले. कशाला ते मलाही नीट ठाऊक नव्हतं. भुसा उडायला लागला. हे कमरेत वाकले आणि तोंड लाकडाच्या जवळ नेलं. आणखी जवळ नेलं. मी म्हणलं, "तोंड लांब घ्या." त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. कोपरे गेले. पटाशीचा आवाज एकसारखा होता तो तुटक झाला, म्हणजे आतली पोकळी आली. दांडीला लागायची, पोकळीवरनं जायची, पुन्हा दांडीला लागायची. त्या तुटक आवाजात एक आवाज निराळा यायला लागला. माझ्या हातात वादी नव्हती, पण तळहात ओढ घ्यायले.

"थांबा," मी म्हणलं.

"आलंच."

"सांधा सुटायलाय. थांबा म्हणते ना."

त्यांनी फळीवरचा पाय काढला. पटाशी काढली, पण तोंड तिथंच ठेवलं. चाक आपल्या जोरात होतं. मी पोतं चाकावर टाकलं आणि वरून अंगानं दाबलं. दंडाची साल निघाली, लुगडं फाटलं, पण चाक थांबलं.

एका दांडीच्या टोकाला सांधा उघडला होता. काळ्याभोर शिसवावर चुन्याची पांढरी रेघ, नखाएवढी रुंद. मी लई चिडले होते. म्हणलं, "बघा. आणखी दोन फेरे झाले असते की ही दांडी तुमच्या तोंडात होती. बघा ना."

"कुठं?" ते म्हणाले.

"ही काय."

त्यांनी बोट ठेवलं ते भलत्याच दांडीवर.

"इथं ओ, तुमच्या नाकासमोर."

ते वाकले. बोट दांडीवरनं हळूहळू सरकवत आणलं, सांध्याशी येऊन बोट अडकलं, मग म्हणाले, "हां. व्हय. सुटलाय."

मी बघतच राहिले. काळ्यावरचं पांढरं, आणि ह्यांना बोटानं शोधावं लागलं.

"कवापासून?" मी इचारलं.

"पोळ्यापासून. आधी धूर दिसायचा. आता कशाचीही कड तेवढी दिसते."

मी जमिनीवर बसले. जो डोळा मी इतका जपायले, जो फुटू नये म्हणून चाकाशी, गावाशी, देवाच्या खांबाशी भांडायले, तो घरात बसल्या बसल्या निघून चालला होता आणि मला पत्ता नव्हता. रडू आलं आणि संतापही आला. म्हणलं, "मला सांगायचं न्हाई? मी कोण तुमची?"

"सांगितलं असतं तर खराद बंद केला असतास," ते म्हणाले. खोटं नव्हतं ते. मग तेही बाजूला बसले. "वादीच्या खरादाला दोघं लागतात, नागू. एक ओढणारं, एक बघणारं. बघणारं चाललं. मग तू काय करशील? जमिनीवर पाय पसरून, अंगठ्यात पटाशी धरून बाई बसली तर गाव बसू देईल? म्हणून उभ्यानं करायचं केलं. एका माणसाचं केलं. टेकणाची उंची तुझ्या कमरेला धरलीय, माझी कंबर मोडायलीय वाकून. फळी तुझ्या पावलाची हाय."

मी फळीला हात लावून बघितला. "आणि हा पोकळ खांब कशाला? सरळ केला असता तर?"

"सरळ तुला कवाचाच येतो. बघून बघून आलाय. हे उस्तादांनी मला तोंडानं सांगितलं, मला किती वर्षं कळलं न्हाई. तुला हातानं दाखवावं म्हणलं, दिसतंय तवर."

त्या संध्याकाळी आम्ही सांधा नव्यानं भरला, सुतळीनं आवळून बांधला. लगदा वाळला तवा मी अंघोळ केली, पदर कमरेला खोचला आणि पटाशी उचलली. बाईनं हत्यार धरू नये म्हणतात, त्यातून देवाचं काम. आचार्यांच्या दोनच अटी होत्या आणि त्यात ही नव्हती.

चाकापाशी हे भिजलं पोतं घेऊन उभे राहिले, मान एका अंगाला करून. मी फळी दाबली. पटाशी टेकली तशी ती उडी मारून मागं आली. वादी ओढणं निराळं आणि धार धरणं निराळं. ते म्हणाले, "धार उताणी झालीय. कूस खाली घे." त्यांना दिसत नव्हतं, तरी बरोबर सांगितलं. मी कूस, म्हणजे धारेची उतरती बाजू, खाली घेतली. ढलपा सरळ निघाला. मग तुटक आवाज आला आणि माझे हात घामानं निसटायला लागले, पण मी सोडलं न्हाई. मधीच त्यांनी पोतं टाकलं, चाक थांबवलं, दांड्यांवरनं बोट फिरवलं, सांधा धड असल्याचं बघितलं आणि पोतं उचललं. असं किती वेळा केलं असंल. माझ्या कानाला कळायच्या आत त्यांच्या कानाला कळायचं, ते मी तवा बघितलं.

सूर्य मावळतीकडं आला तवा चारही दांड्या मोकळ्या झाल्या होत्या. चाक थांबलं.

"उघडला?" त्यांनी इचारलं.

"उघडला."

"आरपार दिसतंय का?"

मी वाकून बघितलं. पलीकडं तेच उभे होते, पोतं हातात घेऊन, माझ्याकडं तोंड करून. "तुम्ही दिसायलात," मी म्हणलं.

त्यांनी पोतं खाली ठेवलं. मग म्हणाले, "मला तू दिसत न्हाईस, नागू. दुसऱ्या खांबाचं लाकूड घे."

मी डोळे पुसले आणि लाकूड घेतलं.